‘हेह’ म्हणजे दहा लाख की अगणित? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राचीन इजिप्तच्या अंकांबद्दल वाचताना बहुतेकांची नजर एका चित्रावर थांबते. गुडघा टेकून बसलेला, दोन्ही हात वर केलेला माणूस, आणि खाली लिहिलेलं असतं ‘दहा लाख’. त्यानंतर जे प्रश्न येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही लांबली आहेत, कारण त्या शब्दाची गोष्टच तशी आहे.

‘हेह’ हा नेमका कोणता शब्द?

प्राचीन इजिप्ती भाषेत दहा लाखांना ‘हेह’ म्हणत. आपल्या जुन्या गणिती परंपरेत याच संख्येला ‘प्रयुत’ असं नाव आहे. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी अशी जी पायरी दिली आहे, तिच्यातली ही सातवी पायरी. इजिप्ती लोकांच्या चिन्हांची उतरंडही इथवरच येते आणि हेहवर थांबते. त्याच्यापुढच्या संख्येसाठी रोजच्या हिशोबात वेगळं चिन्ह नव्हतं.

त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘पुष्कळ, मोजता न येण्याइतकं’ असा आहे. हे दोन्ही अर्थ एकमेकांत इतके मिसळले आहेत, की प्रत्येक ठिकाणी ‘दहा लाख’ असं भाषांतर केलं तर वाक्याचा जीव जातो. या पानावरची अर्धी उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरणार आहेत.

उच्चार ‘हेह’ असाच होता का?

इजिप्ती लिपीत स्वर लिहीतच नसत. या शब्दाची फक्त दोन व्यंजनं आपल्या हाती आहेत, आणि दोन्ही एकच. मध्ये ‘ए’ घालून वाचायचं ही अभ्यासकांनी सोयीसाठी पाडलेली रीत आहे.

तो ‘ह’देखील आपल्या ‘हात’मधला नव्हे. इजिप्तीत ‘ह’च्या जातीचे चार वेगवेगळे ध्वनी होते. हा त्यातला घशातून घासून येणारा, अरबी बोलणारा माणूस ‘अहमद’ किंवा ‘हज’ म्हणताना काढतो तो. तो लिहिण्यासाठी जवसाच्या धाग्यांची पिळलेली वात काढत. देवापुढच्या निरांजनासाठी कापसाची वात वळताना मधे पीळ बसतो, तसंच ते चिन्ह दिसतं.

ते चित्र थक्क झालेल्या माणसाचं आहे असं वाचलं होतं. खरं का?

नाही, आणि ही समजूत इतकी पसरली आहे की इथे थोडं थांबून सांगावंसं वाटतं. गणिताच्या इतिहासावरच्या लोकप्रिय लिखाणात हमखास सांगतात, की एवढी मोठी संख्या पाहून माणसाने आश्चर्याने हात वर केले आणि तेच चिन्ह झालं. गोष्ट गोड आहे, मुलांच्या लक्षात राहते. पण चित्र नीट पाहिलं की ती टिकत नाही.

कोरीव काम नीट राखलेलं असेल तर त्या आकृतीच्या हनुवटीला लांब, टोकाशी वळलेली दाढी दिसते. ती दाढी इजिप्ती चित्रांत देवांची खूण आहे, साध्या माणसाला ती नसते. डोक्यावर पुष्कळदा एक उभा, वर जाऊन वाकलेला दांडा असतो. ती खजुराच्या झावळीची पानं सोलून काढलेली मधली शीर, आणि इजिप्ती लिपीत ती ‘वर्ष’ या शब्दाची खूण आहे. मोठ्या शिल्पांत तर असे दोन दांडे त्याने दोन हातांत धरलेले असतात. अ‍ॅलन गार्डिनर या अभ्यासकांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इजिप्ती भाषेच्या व्याकरणात चित्रलिपीच्या चिन्हांची गटवार यादी दिली, तीच आजही सगळे वापरतात. तिच्यात पुरुषांच्या चिन्हांचा गट वेगळा आहे. हेहचं चिन्ह त्या गटात नाही, ते देवांच्या गटात अकराव्या क्रमांकावर आहे.

मी हे चिन्ह वहीत पहिल्यांदा काढलं तेव्हा हात आपोआप दचकल्यासारखे, बोटं फाकलेले काढले गेले, कारण डोक्यात ती गोष्ट होती. मग मूळ कोरीव काम शेजारी ठेवून पुन्हा काढलं. कोपर काटकोनात, खांदे स्थिर, पाठ ताठ. हा माणूस दचकलेला नाही. त्याने काहीतरी पेललेलं आहे.

मग त्याने काय पेललं आहे?

आकाश, आणि वर्षं.

आकाशाची कथा ‘स्वर्गीय गायीचा ग्रंथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रचनेत येते. तुतनखामुन राजाच्या शवपेटीभोवती एकात एक बसवलेले सोन्याने मढवलेले देव्हारे होते. त्यातल्या सर्वांत बाहेरच्या देव्हाऱ्यावर ती कोरलेली आहे, आणि पहिल्या सेतीच्या थडग्यातही ती आहे. सूर्यदेव रा म्हातारा झाला, माणसं त्याच्याविरुद्ध उठली, त्यांचा संहार सुरू झाला आणि थांबवला गेला. या सगळ्याला कंटाळून रा पृथ्वी सोडायचं ठरवतो. आकाशदेवी नूत गाय होते आणि त्याला पाठीवर घेऊन उंच उभी राहते. इतकी उंच, की तिचे पाय थरथरू लागतात. तेव्हा रा म्हणतो, “हिला आधार द्यायला माझ्याकडे हेह असते तर!” आणि त्या बोलण्यातूनच हेह नावाचे देव निर्माण होतात. तिथल्या चित्रात गायीच्या पोटाखाली शू हा वायुदेव उभा आहे आणि चार पायांपाशी दोन-दोन असे आठ हेह देव आहेत.

मूळ वाक्यात ‘लाखो जण असते तर’ आणि ‘हेह देव असते तर’ हे दोन्ही एकाच शब्दात बसतं. रा संख्या मागतो आणि संख्या देव होऊन उभी राहते. भाषांतरात हा श्लेष हरवतो, म्हणून तो मुद्दाम उलगडून सांगितला.

हेह हा अष्टदेवांपैकी एक असंही वाचलं आहे. तो हाच का?

नाव एक, भूमिका वेगळी. मध्य इजिप्तमधल्या हर्मोपोलिस शहराच्या परंपरेत सृष्टीच्या आधीच्या अथांग पाण्यात आठ देव होते, चार जोड्या. नून आणि नौनेत, कूक आणि कौकेत, हूह आणि हौहेत, आमून आणि आमौनेत. हूह म्हणजे हाच हेह, इथे तो अमर्यादतेचं रूप आहे. या जोड्यांतले पुरुषदेव बेडकाच्या तोंडाचे आणि देवी सर्पमुखी दाखवतात. आकाश पेलणारे आठ हेह आणि या आठांतला एक हेह यांची गल्लत अनेक ठिकाणी झालेली दिसते.

जाता जाता त्या शहराची गोष्ट. त्याचं इजिप्ती नावच ‘ख्मुन’, म्हणजे ‘आठ’. कॉप्टिकमध्ये, म्हणजे इजिप्ती भाषेच्या पुढच्या रूपात, त्याचं ‘श्मून’ झालं आणि आजच्या अरबीत ‘अल-अश्मुनैन’. तिथे राहणाऱ्या लोकांच्या तोंडी चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा एक संख्याशब्द अजून आहे.

बाकीची अंकचिन्हं कुठून आली?

एकासाठी उभी रेघ. दहासाठी जनावराच्या पायात घालायचा दोरीचा फास, शंभरासाठी दोरीचं वेटोळं, हजारासाठी कमळाचं रोप, दहा हजारांसाठी हाताचं बोट, लाखासाठी बेडूकमासा.

कमळाचा हजाराशी काय संबंध, असं पुढे विचारलं जातं. काहीजण सांगतात की नाईलमध्ये कमळं हजारोंनी उगवायची, पूर ओसरला की चिखलात बेडूकमासे लाखोंनी वळवळायचे, म्हणून. दृश्य सुंदर आहे, पण कारण आवाजाचं आहे. ‘हजार’ आणि ‘कमळाचं रोप’ हे दोन्ही शब्द ‘खा’ असे, ‘दहा हजार’ आणि ‘बोट’ दोन्ही ‘जेबा’, आणि ‘लाख’ म्हणजे ‘हेफेन’ हा बेडूकमाशाच्या नावाशी जुळणारा. जे चित्र काढता येत नाही त्याच्यासाठी सारख्या आवाजाच्या वस्तूचं चित्र काढायचं, ही त्यांच्या लिपीची मूळ युक्ती. आपण ‘पराभव’ लिहायला फुलांचा हार काढावा तसं. आपल्याकडे तर आयतंच उदाहरण आहे. झाडावरच्या किड्यांपासून मिळणारी, बांगड्यांना आणि मोहोरेला वापरायची ती लाख, आणि शंभर हजार ती लाख. एक ‘लाक्षा’वरून आली, दुसरी ‘लक्ष’वरून, कानाला मात्र एकच. मराठी चित्रलिपी असती तर लाखासाठी लाखेचा गोळा काढला असता.

आपल्यासारखा इजिप्तमध्येही लाखाला स्वतंत्र शब्द होता, म्हणून त्यांच्या संख्या मराठीत वाचायला सोप्या जातात.

हेहचं चिन्ह खरोखर मोजणीसाठी वापरलेलं कुठे दिसतं?

यासाठी एकच वस्तू पुरेशी आहे. नार्मर राजाचा गदेचा दगडी गोळा, इ.स.पू. ३१०० च्या आसपासचा. १८९७-९८ मध्ये क्विबेल आणि ग्रीन यांना तो दक्षिण इजिप्तमधल्या हायराकॉन्पोलिस इथे मंदिराच्या आवारात पुरलेल्या वस्तूंत सापडला, आणि आता तो ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. राजा छत्राखाली चौथऱ्यावर बसला आहे आणि त्याच्यापुढे आणलेल्या गोष्टींचे आकडे कोरले आहेत.

बैलाच्या चित्राखाली चार बेडूकमासे, म्हणजे ४,००,०००. बोकडाच्या चित्राशी एक हेह, चार बेडूकमासे, दोन बोटं, दोन कमळं. सुटी करून मांडा: १०,००,००० अधिक ४,००,००० अधिक २०,००० अधिक २,०००. एकूण १४,२२,०००. कैद्यांपाशी एक बेडूकमासा आणि दोन बोटं, १,२०,०००.

इतके कैदी आणि इतकी जनावरं एका राजाने खरंच आणली असतील यावर माझा विश्वास नाही. ते राजाचं मोठेपण सांगणारे आकडे आहेत. पण लिहिणाऱ्याची पद्धत पाहा. तिथे ‘अगणित बोकड’ असं मोघम लिहिलेलं नाही. हेहच्या पाठोपाठ लाख, दहा हजार आणि हजार नेमून लिहिले आहेत. लिपी जेमतेम बाळसं धरत होती तेव्हाच हेह हा हिशोबातला पक्का अंक होता, याचा याहून चांगला पुरावा नको.

शून्याशिवाय हे जमायचं कसं?

त्यांच्या अंकांत स्थानाला किंमत नव्हती, चिन्हालाच किंमत होती. बोट कुठेही काढलं तरी दहा हजारच. त्यामुळे रिकामी जागा दाखवायची गरज पडत नसे. १४,२२,००० ला नऊ चिन्हं पुरली, पण ९,९९,९९९ लिहायला चोपन्न लागतात. रोजच्या वापरातल्या जलद लिपीत म्हणून जोडचिन्हं आली.

मग ‘दहा लाख’चं ‘अगणित’ कधी झालं?

झालं असं म्हणण्यापेक्षा एक अर्थ मागे पडला आणि दुसरा पुढे आला. गार्डिनर नोंदवतात की नेमका ‘दहा लाख’ या अर्थाचा वापर लवकरच सुटला. आणि ‘पुष्कळ’ या अर्थाने मात्र शब्द सर्वत्र दिसतो.

व्याकरणाचीही त्याला साथ आहे. लहान संख्या इजिप्तीत नामानंतर येत. हजार आणि हेह मात्र नामाआधी, मध्ये एक अव्यय घालून येतात. ‘हेह एम रेन्पूत’, शब्दशः ‘वर्षांचे दहा लाख’. ‘हेह एन सेप’, ‘दहा लाख वेळा’. आई मुलाला “तुला लाख वेळा सांगितलं” म्हणते तेव्हा कोणी मोजत बसत नाही, तोच हा प्रकार.

हजाराचंही तसंच. मृताला अर्पण करायच्या मंत्रात ‘हजार भाकरी, हजार सुरया बीअर, हजार बैल, हजार पक्षी’ अशी मागणी असते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नेफेरतियाबेत या राजकन्येचा चौथ्या राजवंशातला रंगीत शिलापट आहे. बिबट्याच्या कातड्याचा पोशाख घालून ती जेवणाच्या मेजापाशी बसली आहे आणि अवतीभोवती पदार्थांच्या, कापडाच्या नावांशी कमळाची रोपं कोरली आहेत. चित्रात फुलझाडं आहेत असं वाटतं, पण ती वाचायची असतात: हजार, हजार, हजार.

‘लक्षावधी वर्षांची मंदिरं’ म्हणजे कोणती?

लक्सरच्या पश्चिम काठावरचं दुसऱ्या रामसेसचं रामेसियम, तिसऱ्या रामसेसचं मेदिनेत हाबू ही ठळक उदाहरणं. त्यांच्या नावातला पहिला शब्द तटबंदी असलेल्या मोठ्या वास्तूसाठी वापरतात, म्हणून मी मराठीत ‘लक्षावधी वर्षांचा वाडा’ असं म्हणते. पर्यटकांच्या पुस्तकांत यांना ‘मृत्यूमंदिरं’ म्हणतात. ते नाव अपुरं आहे, कारण तिथे राजा जिवंत असतानाच पूजा सुरू होई, आमूनचीही होई.

भिंतींवर एक ठरलेलं चित्र पुन्हापुन्हा भेटतं. देव राजाला झावळीचा तो वाकलेला दांडा देतो आहे. दांड्याला खाचा आहेत, वर्षं मोजायच्या. दांड्याचं खालचं टोक पाहिलं नाही तर चित्र अर्धं राहतं. तिथे एक बेडूकमासा असतो, आणि तो दोरीच्या कड्यावर बसलेला असतो. दांडा म्हणजे वर्षं, बेडूकमासा म्हणजे लाख, कडं म्हणजे ज्याला टोक नाही ते. एका हातात मावेल एवढ्या चित्रात पूर्ण आशीर्वाद लिहिला आहे. इजिप्ती कलेत चित्र कुठे संपतं आणि लेखन कुठे सुरू होतं हे सांगता येत नाही, ते मला इथे सगळ्यात जास्त जाणवतं.

‘नेहेह’ आणि ‘हेह’ एकच का?

नाही, वेगळे शब्द धरा. ‘नेहेह’ म्हणजे पुन्हापुन्हा येणारा काळ, सूर्य रोज उगवतो तसा. त्याच्या जोडीला ‘जेत’ हा दुसरा शब्द येतो, न बदलता टिकून राहणारा काळ. हेह ही संख्या आहे. सूर्याच्या होडीला ‘लाखांची होडी’ म्हणतात तेव्हा हेह आणि काळ जवळ येतात, पण शब्द तेच होत नाहीत.

हा शब्द एखाद्या वस्तूवर पाहायचा असेल तर कोणती वस्तू शोधावी?

तुतनखामुनचा कमळप्याला. पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांनी नोव्हेंबर १९२२ मध्ये थडगं उघडलं तेव्हा पहिल्या दालनाच्या उंबऱ्यापाशीच तो पडलेला होता. पांढरट, प्रकाश आरपार जाईल अशा दगडाचा, उमललेल्या कमळाच्या आकाराचा. दोन्ही बाजूंचे कान कमळाच्या फुला-कळ्यांचे आहेत आणि त्यांच्यावर टोपलीच्या आकाराच्या चिन्हावर हेह बसला आहे, हातात वर्षांचे दांडे घेऊन. काठावर लेख आहे, त्यातल्या इच्छेचा भावार्थ असा: तुझा ‘का’ (प्राणशक्ती) जगो, तू लक्षावधी वर्षं घालवोस, थीब्सवर (आजच्या लक्सरवर) प्रेम करणाऱ्या, उत्तरेच्या वाऱ्याकडे तोंड करून बसलेला, डोळ्यांनी सुख पाहणारा.

उत्तरेचा वारा म्हणजे इजिप्तच्या उन्हाळ्यातली झुळूक. ‘लक्षावधी वर्षं’ या प्रचंड शब्दांच्या शेजारी एवढी साधी, घराच्या ओट्यावरची इच्छा. ज्याच्यासाठी ती लिहिली तो विशीच्या आत गेला. कार्टर १९३९ मध्ये वारले, आणि लंडनमधल्या त्यांच्या थडग्याच्या दगडावर याच ओळी कोरल्या आहेत.

याच थडग्यातल्या देवदाराच्या खुर्चीच्या पाठीवरही जाळीदार कोरीव कामात हेह आहे. राजा टेकून बसला की पाठीशी लाखो वर्षं.

इजिप्ती लोकांना हे ‘अगणित’ खरंच न संपणारं वाटत होतं का?

‘मृतांचा ग्रंथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संग्रहातला १७५ वा मंत्र वाचावा. जिथे पाणी नाही, हवा नाही अशा ठिकाणी आल्यावर माझं आयुष्य किती, असं विचारलं जातं. सृष्टी निर्माण करणारा देव आतुम उत्तर देतो: हेहांचे हेह, लाखांचं आयुष्य. आणि लगेच पुढे सांगतो, की मी जे जे निर्माण केलं ते सगळं नाहीसं करीन, ही भूमी पुन्हा आदिम पाण्यात जाईल, मी आणि ओसिरिस (मृतांचा देव) तेवढे उरू. हेहांचे हेह दिल्यावरही शेवटाचा उल्लेख येतो. म्हणून ‘अनंत’ हा शब्द मी हेहसाठी सहसा वापरत नाही. मोजता येत नाही इतकं, असं म्हणावं.

मराठीत भाषांतर करताना कोणता शब्द घ्यावा?

नार्मरच्या गदेसारखा हिशोब असेल तर ‘दहा लाख’ किंवा ‘दशलक्ष’. वर्षांबरोबर आला तर ‘लक्षावधी’. स्तोत्रात, प्रार्थनेत ‘लाख लाख’ किंवा ‘कोटी कोटी’ कानाला बरोबर लागतं, कारण ‘कोटी कोटी प्रणाम’ म्हणतानाही आपण कोटी मोजत नाही. ‘मिलियन वर्षं’ मात्र नको, त्यात फक्त आकडा उरतो.

हा शब्द आता कुठेच उरला नाही का?

चित्रलिपी विसरली गेली तरी भाषा लगेच गेली नाही. तीच पुढे ग्रीक अक्षरांत, थोडी जादा अक्षरं घेऊन लिहिली जाऊ लागली, तिला कॉप्टिक म्हणतात. तिच्यात हजार ‘शो’ झाला, दहा हजार ‘त्बा’, शंभर ‘शे’. दहा लाख म्हणायचे तर ‘शे न् त्बा’, शंभर दहाहजार असं जोडून म्हणत, कारण हेह त्या जागेवर राहिला नव्हता.

तो ‘हाह’ होऊन दुसरीकडे राहिला होता. दक्षिणेकडच्या सहिदी बोलीत ‘हाह’ म्हणजे ‘पुष्कळ’. बायबलच्या सहिदी भाषांतरात जिथे ‘पुष्कळ लोक’ म्हणायचं असतं तिथे तो येतो. आणि जुना ‘हेह एन सेप’, दहा लाख वेळा, तो ‘हाह न् सोप’ होऊन आला. अर्थ एवढाच: ‘वरचेवर’.